१२६७ की १३७३? ‘संयुक्त राष्ट्रांची बंदी’ म्हणजे नेमकी कोणती

कुठल्याही संघटनेवर बंदी आली की ‘संयुक्त राष्ट्रांनी दहशतवादी ठरवलं’ असं सरसकट लिहिलं जातं. सुरक्षा परिषदेचे दोन ठराव इथे एकमेकांत मिसळतात. त्यांतल्या एकालाच जागतिक यादी आहे.

ठराव १२६७ ऑक्टोबर १९९९ मध्ये तालिबानविरुद्ध झाला. पुढे त्यात अल कायदा आली, २०११ मध्ये तालिबानची यादी वेगळी काढली आणि २०१५ मध्ये आयसिसची भर पडली. नाव घालायचं तर अल कायदा किंवा आयसिसशी संबंध दाखवावा लागतो. ही यादी सांभाळणाऱ्या समितीत परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि निर्णय एकमताने होतो, त्यामुळे एका देशाने ‘होल्ड’ (स्थगिती) लावला तरी प्रस्ताव अडकतो. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव चीनमुळे असंच वर्षानुवर्षं रखडलं आणि १ मे २०१९ ला यादीत आलं.

नाव लागलं की तीन गोष्टी होतात: मालमत्ता गोठते, परदेश प्रवास बंद होतो, शस्त्रपुरवठा थांबतो. अटक मात्र यात नाही! हा उपाय प्रतिबंधात्मक आहे, त्याला न्यायालयाचा दोषनिर्णय लागत नाही. अटकेसाठी त्या त्या देशाला स्वतःच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागतो. मायदेशाने आपल्याच नागरिकाला आत घेऊ नये, अशी सक्तीही नाही.

ठराव १३७३ हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा, २८ सप्टेंबर २००१ चा. त्यात एकही नाव नाही. दहशतवादाला पैसा पुरवणं गुन्हा ठरवा आणि असा पैसा विनाविलंब गोठवा, असं तो सगळ्या देशांना बजावतो. दहशतवादी कोण, हे ज्याने त्याने ठरवायचं. एलटीटीई (श्रीलंकेतली तमिळ फुटीरतावादी संघटना) युरोपीय संघाच्या यादीत २००६ मध्ये गेली ती याच वाटेने. १२६७ च्या यादीत ती कधीच नव्हती. ठरावात दहशतवादाची व्याख्याच नाही, आणि खरा धोका इथे आहे: सरकारला नको असलेला विरोधकही या चौकटीत बसवता येतो. अशी राष्ट्रीय यादी दुसऱ्या देशावर आपोआप बंधनकारक नसते. विनंती करावी लागते आणि तो देश स्वतः पुरावा तपासतो.

नाव काढून घ्यायचं असेल तर हा फरक सगळ्यात जास्त नडतो. १२६७ साठी २००९ पासून असे अर्ज तपासणारा संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र लोकपाल आहे. त्याने नाव वगळण्याची शिफारस केली तर ६० दिवसांनी ते निघतं. अडवायचं तर समितीचं एकमत हवं किंवा प्रकरण परिषदेकडे न्यावं लागतं. राष्ट्रीय यादीतल्या नावासाठी या लोकपालाकडे अर्ज करून काही होत नाही. तिथे ज्या देशाने नाव घातलं, त्याच्याच कायद्यातली दाद मागावी लागते.