आपल्याच सर्व्हरचे नाव सांगणारा स्पॅम

दोन मेल सर्व्हरांमधील संवाद सुरू होताना जोडणी करणारा सर्व्हर 'हेलो' किंवा तिचे विस्तारित रूप असलेली 'ईहेलो' ही आज्ञा पाठवून आपले नाव सांगतो. हा संवाद ज्या एसएमटीपी नियमांनुसार चालतो ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, आणि सांगितलेले नाव खरे आहे की नाही हे पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. स्पॅम पाठवणारी यंत्रे या मोकळिकीचा फायदा घेतात आणि पुष्कळदा ज्या सर्व्हरकडे मेल सोपवायचा त्याचेच नाव किंवा त्याचाच आयपी पत्ता (यंत्राचा इंटरनेटवरील अंकी पत्ता) स्वतःचा म्हणून सांगतात. असे केल्याने आपण घरचेच समजले जाऊ आणि गाळणी सैल होईल, असा त्यांचा हिशेब असतो.

हा डाव मात्र सहज अंगाशी येतो. परक्या नावाची शहानिशा करायची तर डीएनएसकडे, म्हणजे नावे आणि आयपी पत्ते यांची सांगड ठेवणाऱ्या इंटरनेटवरील नोंदवहीकडे, विचारणा करावी लागते, आणि तिथली नोंद निष्काळजीपणामुळेही चुकीची असू शकते. म्हणूनच २००८ च्या सुधारित नियमांत, नाव आणि आयपी पत्ता जुळत नाहीत एवढ्याच कारणावरून मेल नाकारू नये, असे बजावले आहे. स्वतःच्या नावाची गोष्ट वेगळी आहे. आपण कोण आहोत हे सर्व्हरला कोणालाही न विचारता ठाऊक असते. शिवाय 'हेलो'मध्ये वाटेल ते सांगता आले, तरी हा संवाद ज्या टीसीपी जोडणीवर चालतो तिच्यात दोन्ही बाजूंना उत्तरांची देवाणघेवाण करावी लागत असल्याने, जोडणी ज्या आयपी पत्त्यावरून येते तो खोटा दाखवून हा संवाद पूर्ण करणे फार अवघड असते. बाहेरच्या पत्त्यावरून आलेला सर्व्हर मेल घेणाऱ्या सर्व्हरचेच नाव सांगत असेल, तर त्याला 'हेलो'च्या टप्प्यावरच ५५० या संकेतांकाने नकार देता येतो. एवढ्या कमी श्रमात इतका खात्रीचा निकाल देणारी दुसरी चाचणी सापडणे कठीण आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती नियमांच्या क्रमाची. १२७.०.०.१ या पत्त्यावरून स्वतःशीच बोलणारे प्रोग्रॅम, अंतर्गत जाळ्यावरची यंत्रे आणि पासवर्ड देऊन प्रवेश केलेले वापरकर्ते यांना आधी मोकळी वाट देऊन मगच ही बंदी लावावी लागते. क्रम उलटा झाला, तर स्पॅमबरोबर आपल्याच माणसांचे मेलही अडकतात. वापरकर्त्यांसाठी ५८७ हे वेगळे पोर्ट (जोडणी घेण्याचे क्रमांकित दार) ठेवले आणि ही बंदी सर्व्हरांमधील मेलच्या २५ या पोर्टापुरतीच राखली, तर गुंता बराच कमी होतो.

प्रेषकाच्या पत्त्यात आपले डोमेन (@ नंतरचे नाव) घालणारा स्पॅम मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण 'हेलो'मध्ये तो भलतेच नाव सांगू शकतो. त्यासाठी एसपीएफ आहे: आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यांवरून मेल निघू शकतात, हे डोमेनचा मालक डीएनएसमध्ये जाहीर करतो. पण एसपीएफ सर्व्हरांच्या संवादात सांगितलेला प्रेषक तपासते, वाचणाऱ्याला पत्रात दिसणारा नव्हे. आणि मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत पुढे धाडला गेला, तर खऱ्या प्रेषकालाही ती खोटे ठरवू शकते. त्यामुळे तिच्या जोडीला डीकेआयएमची डिजिटल स्वाक्षरी आणि या दोहोंचा दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ घालणारे डीमार्क घ्यावे लागते.

नकार द्यायचा तो जोडणी चालू असतानाच द्यावा. मेल आधी स्वीकारून नंतर 'परत' पाठवला, तर तो खोट्या प्रेषकाच्या जागी ज्याचा पत्ता चोरला होता त्या निरपराध माणसाकडे जातो, आणि मग स्पॅम पसरवणाऱ्यांच्या यादीत आपलाच सर्व्हर जाऊन बसतो.