लुगडं, प्लास्टिक आणि ग्वाल्हेरची थंडी

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात तुळस आहे. मार्गशीर्ष लागला की संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आजी तिच्यावर जुनं लुगडं पांघरायची आणि सकाळी ऊन आलं की उचलायची. "पाला पडेल गं," म्हणायची. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे कोडंच वाटायचं. त्यांच्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. इथे, हिंदीच्या शेजारात, पाला म्हणजे गोठलेलं दंव.

तीन वर्षांपूर्वी त्याच अंगणात मी 10 फूट बाय 8 फुटांचं हरितगृह उभारलं. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा आणि वर 200 मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी पॉलिथीन शीट. एक तापमापक आत टांगला, एक बाहेर. जानेवारीत एका निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर सकाळी पाहिलं तर बाहेरचा किमान आकडा 4 अंश आणि आतला 3! टोमॅटोच्या शेंड्यांची पानं काळी पडली होती. लुगड्याखालची तुळस मात्र हिरवीगार. आधी मला वाटलं तापमापक बिघडलाय. अदलाबदल करून पाहिली, तरी तेच.

हरितगृह गरम कसं होतं, याचं शाळेत शिकलेलं उत्तर असं: ऊन काचेतून आत येतं, माती तापते, ती अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहणारे) किरण सोडते, ते काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. हे उत्तर अर्धवट आहे. 1909 साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन खोकी घेतली. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर सैंधव मिठाची पारदर्शक पाटी. मिठातून अवरक्त किरण सहज निसटतात, त्यामुळे ते खोकं थंड राहायला हवं होतं. उन्हातला अवरक्त भाग आधीच गाळून दोन्ही खोकी उन्हात ठेवली, तेव्हा दोन्ही जवळपास 55 अंशांपर्यंत तापली आणि फरक जेमतेम एका अंशाचा निघाला. म्हणजे मुख्य काम किरण अडवण्याचं नाही, हवा अडवण्याचं आहे. उघड्यावर तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. छताखाली तीच हवा कोंडून तापत राहते. (पृथ्वीच्या वातावरणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प खरोखरच अवरक्त किरण शोषतात. 'हरितगृह परिणाम' हे नाव तेवढं चुकीच्या वस्तूवरून पडलं, परिणाम खरा आहे.)

आता रात्रीचा विचार करा. ऊन नाही, म्हणजे तापवायला काही नाही. पानं आणि माती निरभ्र आकाशाकडे अवरक्त किरणांतून उष्णता फेकत राहतात, आणि पॉलिथीन त्या किरणांना फारसं अडवत नाही. या बाबतीत ते काचेपेक्षा वुडच्या मिठाच्या पाटीसारखं आहे. बाहेरच्या झाडाला निदान वाऱ्याच्या झुळकीने थोडी ऊबदार हवा मिळते. आतल्या झाडाची तीही वाट आपणच बंद केलेली असते. लुगडं सुती, जाड. त्यातून ते किरण पार होत नाहीत, म्हणून तुळस वाचली.

तेव्हापासून थंडीत आम्ही शीटवरून गोणपाटाचे पडदे सोडतो. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी सोडायचे, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. दुसरा उपाय पाण्याचा. उत्तरेच्या बाजूला काळा रंग दिलेलं 200 लिटरचं पिंप भरून ठेवलंय. त्यातलं पाणी रात्रीतून 25 अंशांवरून 15 वर उतरलं, तर जी उष्णता बाहेर पडते ती एक किलोवॅटच्या हीटरने सव्वादोन तासांत दिलेल्या उष्णतेइतकी असते, आणि विजेचं बिल शून्य. पिंपावर दिवसा ऊन पडलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती अडगळ. 22 डिसेंबरच्या सुमारास ग्वाल्हेरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 40 अंशच वर असतो, म्हणून हरितगृहाची लांब बाजू दक्षिणेकडे हवी आणि तिच्यासमोर भिंत नको.

दिवसाची चूक रात्रीच्या उलटी असते. थंडी आहे म्हणून लोक दिवसभर सगळं बंद ठेवतात. भर जानेवारीतही स्वच्छ ऊन असलं तर बंद हरितगृहात दुपारी पारा 35 च्या पुढे जातो. शिवाय झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. बंद जागेत भरगच्च रोपं तो काही तासांत निम्म्यावर आणतात आणि मग ऊन असूनही वाढ मंदावते. दहाच्या सुमारास झडपा उघडाव्यात. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाएवढी उघडी जागा हवी, म्हणजे आमच्या 80 चौरस फुटांना 16 चौरस फूट. त्यातली काही अगदी खाली आणि काही छताच्या टोकाला. गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी ओढते, पंखा लागत नाही. या झडपांवर पैसे वाचवू नका, शीट हलकी घ्यावी लागली तरी चालेल. झडपांना बारीक जाळी लावली की पांढऱ्या माशीचा बराचसा त्रास टळतो.

पाणी सकाळीच घालायचं. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्री शीटच्या आतल्या अंगाला जमून पानांवर टपकतं आणि ओल्या पानावर करपा येतो. धुक्याचे तीन-चार दिवस सलग आले तर पाणी जवळजवळ बंदच ठेवावं.

आणि टोमॅटोला हलवायचं! त्याच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पराग सुटायला हादरा लागतो. बाहेर तो वारा आणि भुंगे देतात. आत मी दहा ते बाराच्या दरम्यान, पराग कोरडे असताना, काठ्यांना टिचक्या मारत फिरते. दुसऱ्या वर्षी फळं धरली ती यामुळेच, याबद्दल मला शंका नाही.

मार्चअखेर शीट काढून 50 टक्के सावलीची जाळी चढवते. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो, आणि 35 च्या पुढे टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात. तेव्हा जाळीखाली मिरची आणि वांगी ठेवते आणि पश्चिमेला वाळ्याची ओली ताटी बांधते. लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला गरम वारा, कोरडी असते, ते इथे कामी येतं. 42 अंशांच्या हवेत आर्द्रता 15 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ती हवा तत्त्वतः 22 अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या ताटीने एवढं होत नाही, पण रोपं माना टाकत नाहीत एवढं नक्की होतं. जुलैत हवा दमट झाली की ताटी निरुपयोगी. तेव्हा ती सोडून वाळवून ठेवायची.

शीट पुन्हा चढते ती दिवाळीनंतर. चढवण्याआधी पाइपना पांढरा रंग द्यायचा. उन्हाने तापलेला पाइप जिथे शीटला टेकतो तिथेच ती आधी फाटते.