हिवाळ्यात घर किती अंशांवर ठेवायचं? आधी भिंतीचं तापमान बघा

थंडी सुरू झाली की हा प्रश्न हमखास निघतो, तुम्ही घरात हीटिंग कितीवर ठेवता? कोणी म्हणतं १८, कोणी २१, कुणाचं २३ शिवाय भागत नाही, आणि मग १८ वाले चिकट आणि २३ वाले नाजूक असा वाद रंगतो. पण या वादात एक गोष्ट राहूनच जाते. दोन घरांत थर्मोस्टॅटवर अगदी सारखा २१ चा आकडा दिसत असतो, एका घरात माणूस साध्या शर्टावर निवांत बसलेला असतो, दुसऱ्या घरातला शाल गुंडाळूनही कुडकुडत असतो, आणि दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतो. थर्मोस्टॅट मोजतो हवेचं तापमान. आपल्या शरीराला हवा कळते, पण तिच्याइतक्याच, कधीकधी तर जास्तच, आजूबाजूच्या भिंती कळतात.

हे कसं ते नीट बघूया, कारण मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

नुसतं बसून असलो तरी आपलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतं. आतलं तापमान ३७ च्या आसपास टिकवायचं तर ही उष्णता तयार होईल त्याच वेगाने बाहेर जायला हवी. कमी वेगाने गेली तर उकडतं, जास्त वेगाने गेली तर थंडी वाजते. म्हणजे आपल्याला जे 'बरं वाटतं' ते कुठल्या तापमानामुळे नाही तर या जमाखर्चाचा मेळ बसल्यामुळे. उष्णता जाण्याचे रस्ते आपण शाळेत शिकलोय, वहन, अभिसरण आणि प्रारण, शिवाय श्वास आणि त्वचेवरून होणारं बाष्पीभवन. घरात शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत वहन अगदी थोडं, फक्त जिथे खुर्ची-फरशीला टेकतो तिथे. अभिसरण म्हणजे अंगाला लागून हवा तापते आणि वर निघून जाते. आणि प्रारण, ज्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, ते घरातल्या संथ हवेत अभिसरणापेक्षाही जास्त उष्णता नेतं.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण सोडत असते, तुम्ही, मी, भिंत, खिडकीची काच, सगळेच. आपल्या तापमानाला ते इन्फ्रारेडमध्ये असतं, सगळ्यात जास्त १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. किती सोडते याचा नियम भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफानने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि १८८४ मध्ये बोल्ट्झमनने तो सिद्धांतातून काढून दाखवला. नियम असा की प्रारण केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं.

आता आकडे टाकून बघा. कपड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग २८ अंश धरला, म्हणजे ३०१ केल्व्हिन, तर दर चौरस मीटरमागे साधारण ४६५ वॉट बाहेर पडतात. शरीर तयार करतं एकूण १०० वॉट आणि एका चौरस मीटरमधून ४६५ जातात, मग आपण गोठत का नाही? कारण समोरची भिंतही आपल्याकडे पाठवत असते. भिंत २० अंशांना असेल तर तिच्याकडून ४१८ वॉट परत येतात, निव्वळ तोटा ४७. तीच भिंत १४ अंशांना असेल तर परत येतात ३८५, निव्वळ तोटा ८०. भिंत फक्त ६ अंशांनी थंड झाली आणि तोटा दीडपटीच्या वर गेला! (कपडे आणि भिंत दोन्ही इन्फ्रारेडसाठी जवळजवळ पूर्ण काळे, म्हणजे अंगावर पडलेलं सगळं इन्फ्रारेड शोषून घेणारे धरलेत, प्रत्यक्षात आकडे जरा कमी येतील.) आता हात-पाय-धड एकमेकांकडे तोंड करून असल्यामुळे शरीराचा सगळा पृष्ठभाग खोलीकडे प्रारण करत नाही, साधारण ७० टक्के करतो, ते धरून आणि चारी बाजूंनी तशाच थंड भिंती आहेत असं मानून हिशोब केला तरी ४० वॉटच्या आसपास जादा गळती निघते. प्रत्यक्षात कपड्यांचा पृष्ठभाग थोडा थंड होऊन ती काहीशी आटोक्यात येते, शिवाय सगळ्या भिंती सारख्या थंड नसतात. तरी १०० वॉटच्या कमाईत हा खर्च बारीक नाही. आणि या सगळ्यात खोलीतल्या हवेचं तापमान कुठे आलंच नाही, ते २१ असेल नाहीतर २३.

म्हणून घरातल्या ऊब-गारव्याचा अभ्यास करणारे लोक हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान असे दोन आकडे घेतात, आणि हवा संथ असेल तर दोन्हींची साधी सरासरी काढतात. हवा २१ आणि भिंती १४ असतील तर अंगाला जाणवतं १७.५. हवा १९ आणि भिंतीही १९ तर जाणवतं १९. थर्मोस्टॅट दोन अंश खाली, आणि माणूस दीड अंशाने उबेत! आता सुरुवातीची ती दोन घरं आठवा.

याचा अनुभव घ्यायचा तर काही उपकरण लागत नाही. थंडीच्या रात्री खिडकीच्या काचेपासून वीतभर अंतरावर गाल न्या. गालाला गारवा जाणवेल आणि मनात येईल की फटीतून वारा येतोय. आता गाल आणि काच यांच्या मधे खोलीतलाच एखादा पुठ्ठा धरा, काचेला न लावता. गारवा लगेच कमी होतो. हवा तीच आहे, फक्त गालासमोर आता ५ अंशांच्या काचेऐवजी २० अंशांचा पुठ्ठा आलाय. पुठ्ठ्याच्या जागी स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल धरली तर आणखी मजा, गालाला चक्क ऊब लागते, कारण फॉइल तुमचंच इन्फ्रारेड तुम्हाला परत पाठवते. ५ अंश हा आकडा मी उगाच नाही लिहिला, बाहेर ० आणि आत २० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ५ अंशांपर्यंत उतरतो, साध्या दुहेरी काचेचा १२-१३ वर थांबतो. 'खिडकीतून थंडी आत येते' असं आपण म्हणतो, पण बंद खिडकीतून आत काही येत नसतं, आपली उष्णता तिकडे जात असते. हां, एक गोष्ट मात्र खरी आहे, काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली उतरते आणि फरशीवरून पायांपर्यंत येते, त्यामुळे पाय आधी गारठतात. जाड पडदा या दोन्ही गोष्टी बऱ्याच कमी करतो, मात्र हीटर पडद्याच्या मागे अडकता कामा नये.

हवा काही मिनिटांत तापते, भिंतींना तास लागतात. बाहेरून आल्यावर हीटिंग चालू केलं, थर्मोस्टॅटने वीस मिनिटांत २१ दाखवले, तरी थंडी वाजते ती याच कारणाने. मग लोक आकडा २६ वर नेतात, लवकर तापेल म्हणून. बहुतेक साध्या सिस्टिम फक्त चालू-बंद होतात, २१ ला जेवढा जोर लावतात तेवढाच २६ ला, फक्त उशिरा थांबतात.

बरं मग आकडा किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात समशीतोष्ण किंवा थंड हवामानाच्या ठिकाणी थंडीच्या दिवसांत सर्वसाधारण लोकांसाठी १८ अंश हे सुरक्षित तापमान सांगितलंय आणि वृद्ध, लहान मुलं, दीर्घ आजार असलेले यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. हे मनावर घ्यायला हवं. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि म्हाताऱ्या माणसांना थंडीची जाणीव बऱ्याचदा उशिरा होते. 'आम्ही नाही लावत बुवा हीटर' हा अभिमान तरुण धट्ट्याकट्ट्या माणसाला परवडतो, घरात ८० वर्षांची आजी असेल तर नाही.

१८ च्या वर किती, हे मात्र माणसागणिक बदलतं, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. डॅनिश अभियंता पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये हवेचं तापमान, पृष्ठभागांचं तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि हालचाल या सहा गोष्टींवरून लोकांना किती गरम-थंड वाटेल याचं समीकरण दिलं, आणि त्यांच्याच मॉडेलमध्ये सगळं अगदी आदर्श जुळवलं तरी ५ टक्के लोक नाखूश राहतात. या पद्धतीत शरीराच्या उष्णतेचे जे प्रमाण आकडे वापरले जायचे ते साधारण ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषावरून घेतलेले होते, आणि २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की बायकांच्या बाबतीत ते जास्त धरले जातात. तेव्हा घरात एकीला थंडी वाजते आणि दुसऱ्याला नाही, तर ती नाटक करत नाहीये.

कपड्यांसाठी 'क्लो' नावाचं एकक आहे, १९४१ पासूनचं. सूट-बूट घातलेला माणूस म्हणजे १ क्लो. स्वेटर जाडीप्रमाणे पाव ते एक तृतीयांश क्लो भर घालतो, म्हणजे बसून काम करणाऱ्याला खोली दीड-दोन अंशांनी गरम केल्यासारखं.

एक अंश कमी केल्याने बिल किती टक्के कमी होतं, हे विचारणाऱ्यांना सगळीकडे एकच ठरलेला आकडा सांगितला जातो. तो सगळ्यांना सारखा लागू असूच शकत नाही. घराची गळती आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ५ आणि आत २१ म्हणजे फरक १६, एक अंश कमी केला की सोळावा हिस्सा वाचला, सहा टक्क्यांच्या आसपास. बाहेर उणे १० असेल तर फरक ३१, बचत तीन टक्के. बाहेर १० असेल तर नऊ टक्के. वॉटमध्ये बचत तिन्हीकडे तेवढीच. ऊन, माणसं, स्वयंपाक यांची फुकटची उष्णता यात धरलेली नाही.

आणि 'हीटिंग बंद करून परत तापवण्यापेक्षा दिवसभर चालू ठेवलेलं स्वस्त' हे जे ऐकायला मिळतं, ते बहुतेक घरांत चूक आहे. तळाला भोक पडलेली टाकी धरा, पाण्याची पातळी जितकी वर तितकी गळती जोरात. टाकी रात्रभर काठोकाठ ठेवली तर सगळी रात्र जोरात गळणार, पातळी उतरू दिली तर गळती मंदावते, आणि सकाळी भरायला जे पाणी लागतं ते रात्रभर टाकी काठोकाठ ठेवायला लागलं असतं त्यापेक्षा कमीच असतं. अपवाद हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून आत आणणाऱ्या यंत्राचा. तो विजेच्या एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता देतो पण मंद, सलग चालला तरच, पहाटे एकदम जोर काढायला लावला तर त्याची कार्यक्षमता घसरते, म्हणून त्याला रात्री दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खाली नेण्यात फारसा अर्थ नसतो.

हीटर ऑक्सिजन खातो म्हणून डोकं दुखतं असं सांगणारे खूप भेटतात. विजेचा हीटर ऑक्सिजनला हातही लावत नाही, त्यात काही जळतच नाही. जिथे ज्योत किंवा निखारा आहे तिथे ऑक्सिजन खर्च होतो आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही आणि जो झोपेतच माणूस मारतो, म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा कोळसे घेऊन कधीच झोपू नका. तसंच त्या छोट्याशा प्लगमध्ये खोचायच्या हीटरच्या जाहिराती, 'नवीन तंत्रज्ञान, निम्म्या विजेत पूर्ण घर गरम', यात तथ्य नाही. वायर तापवणारा कुठलाही हीटर, स्वस्त असो की महाग, एका युनिट विजेची एकच युनिट उष्णता करतो. ४०० वॉटचा हीटर ४०० वॉटच देणार, चार माणसं खोलीत बसली तर तेवढीच उष्णता ती देतात.

आता १८ च्या खाली जाऊ नये याचं दुसरं कारण, ते पुन्हा भिंतीपाशीच येतं. २० अंशांची, ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की पाणी सुटतं. पण बुरशीला पाणी सुटेपर्यंत थांबावं लागत नाही, पृष्ठभागाजवळ ८० टक्के आर्द्रता बरेच दिवस टिकली की तिला पुरतं, आणि या हवेसाठी ती वेळ भिंत साडेपंधरा अंशांवर आली की येते. म्हणजे भिंत कोरडी दिसते, हाताला ओल लागत नाही, आणि कोपऱ्यात काळे ठिपके उमटायला लागतात. त्यावर लोक खिडक्या गच्च बंद करतात, कपडे आत वाळवतात आणि आर्द्रता आणखी वाढते. थंड हवेत मुळात बाष्प कमी असतं. बाहेरची ५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २१ अंशांना तापली की तिची आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. म्हणून हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडल्या तर ओल निघून जाते आणि भिंती तेवढ्यात गार होत नाहीत.

हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर बाहेरच्या बाजूच्या भिंतीचे खालचे कोपरे आणि कपाटामागची जागा मोजा. कपाट भिंतीला चिकटून असेल तर खोलीची ऊब तिथपर्यंत पोचत नाही आणि तीच जागा सगळ्यात थंड निघते. तिथे १६ च्या खाली दिसलं तर थर्मोस्टॅट वाढवायच्या आधी कपाट चार बोटं पुढे ओढा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजून बघा.