मूल पुन्हा झोपेत शू करतंय, टेन्शन की शुगर?

सहा-सात वर्षांचं मूल, रात्री कोरडं राहायला लागून वर्ष झालेलं, आणि अचानक परत झोपेत शू करायला लागतं. कोरोनाच्या काळात याचं कारण घरोघरी तयारच असायचं, शाळा बंद, मित्र भेटत नाहीत, मोठ्यांचे चेहरे उतरलेले, पोरगं घाबरलंय म्हणून होतंय. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण टाइप १ डायबिटीसची, म्हणजे शरीरात साखर आवरणारं इन्सुलिन बनणं जवळपास थांबतं त्या शुगरच्या आजाराची, सुरुवातही कधीकधी अशीच होते.

टेन्शनमुळे होतं तेव्हा आधी बहुतेक काहीतरी घडलेलं असतं, घरात कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली. एक रात्र ओली, दोन कोरड्या, असं चालतं, तहान नेहमीएवढीच आणि वजन फारसं हलत नाही. मूल हे मुद्दाम करत नाही, रागावू नका प्लीज, रागावलं की वाढतं.

शुगरचं वेगळं. रक्तात साखर वाढली की ती लघवीतून जायला लागते आणि जाताना पाणी ओढून नेते, मग मूल रात्री उठून बेसिनच्या नळालाच तोंड लावतं, दिवसा पण सारखं बाथरूम, आणि नीट जेवत असूनही पँट कमरेत ढिली व्हायला लागते. थकवा, चिडचिड दोन्हीकडे असते, त्यावरून काही ठरवू नका. आणि आपण काय करतो, तर संध्याकाळपासून पाणी बंद! डायबिटीस असेल तर आधीच सुकत चाललेल्या मुलाचं पाणी तोडतोय आपण, मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

जर्मनीत २०२० च्या मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, या दोन महिन्यांत डायबिटीस नव्याने कळलेल्या मुलांपैकी जवळपास ४५ टक्के मुलं किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये होती, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून जिवावर बेतण्याची वेळ, आदल्या वर्षी याच दिवसांत हे प्रमाण २४-२५ टक्के होतं. हॉस्पिटलमध्ये गेलो तर कोरोना होईल या भीतीने झालेला उशीर हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

बोटाला सुई टोचून शुगर बघायला एक मिनिट लागतं, तहान वाढलेली दिसली की त्याच दिवशी करून घ्या, टेन्शनचं नंतर बघता येईल. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल धापा टाकल्यासारखा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असं काही असेल तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या. तो श्वास बघून आधी छातीचाच आजार डोक्यात येतो, कोरोनाच्या काळात तर कोरोनाच यायचा, म्हणून तिथे शुगर पण बघा असं स्वतःहून सांगा.