नहरावरच्या पाइपात गॅस नाही, बाप्पा!

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या असोलामेंढा तलावाचा नहर, म्हणजे कालवा, इंग्रजांच्या काळातला, त्यावर तो कमानीसारखा वाकवलेला लोखंडी पाइप दिसला की आमच्या इकडे दोन गोष्टी हमखास ऐकायला भेटतात, एक म्हणजे इंग्रजांनी बोटी जाव्या म्हणून तो उंच केला आणि दुसरी म्हणजे त्यात गॅस आहे, फुसफुस आवाज येते ना म्हणून!

अरे, धानाला पाणी द्यायच्या नहरात बोटी कोण चालवणार? पाइप इंग्रजांचा नाही, नंतरच्या नळयोजनेचा आहे, वेल्डिंगचे सांधे बघा की जवळून. कमान केली की मधात खांब लागत नाही, पाण्यासोबत आलेला काडीकचरा अडकत नाही. अन् आपल्याकडचं ऊन! लोखंड तापलं की लांबतं, ३० मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर जवळपास १४ मिलिमीटर वाढतो. सरळ पाइप दोन्हीकडून घट्ट धरला तर सांध्यावर ताण येते, कमान मात्र जराशी वर उचलते आणि मोकळी होते.

आता फुसफुस. कमानीच्या डोक्यावर डब्यासारखा एअर व्हॉल्व आहे. पाण्यातली हवा सगळ्यात उंच जागी गोळा होते, मोटर सुरू झाली की ती तिथून बाहेर पडते आणि पाणी चढलं की आतला गोळा वर तरंगून तोंड बंद करते. पाइप रिकामा होताना हा व्हॉल्व हवा उलटी आत घेते, नाहीतर पातळ पत्र्याचा पाइप आतल्या आत चेपू शकते. म्हणून कोणी त्या व्हॉल्वला बोळा कोंबू नका, आमच्याकडे एकानं खरंच कोंबला होता, चिंधीचा.