गुलामांच्या कापसावरचा बहिष्कार आणि वऱ्हाडातली तेजी

नागपुरात कापसाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: इंग्लंडने गुलामांनी पिकवलेल्या अमेरिकी कापसावर बहिष्कार टाकला, म्हणून वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तसं नव्हतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने गुलामगिरीवाल्या दक्षिणेची बंदरं रोखली. माल निघेना, म्हणून भाव चढले. बहिष्कार झाला होता, पण चिमूटभर. फिलाडेल्फियातली क्वेकर मंडळी (गुलामगिरीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) 1827 पासून मुक्त मजुरांचा माल शोधत होती. असा कापूस थोडा आणि महाग. शिवाय सरकी काढताना गुलामांच्या कापसात मिसळला की ओळखणार कसा? म्हणून मुक्त मजुरांचा माल विकणारे अमेरिकी क्वेकर व्यापारी लेव्ही कॉफिन यांना जिनिंगची वेगळी सोय करावी लागली. आणि आपला कापूस इंग्लंडने आवडीने घेतला असंही नव्हे: ‘सुरत’ नावाने जाणारा आखूड धाग्याचा हिंदुस्थानी कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतल्या यंत्रांवर सारखा तुटायचा. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. आणि नागपूरला रेल्वे पोचली ती 1867 मध्ये!