निग्रो लीगमधील खेळाडूजीवन

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमपुस्तकात कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारे कलम नव्हते. तरीही १८८४ मध्ये टोलेडो संघाकडून खेळलेल्या वॉकर या कृष्णवर्णीय बंधूंनंतर संघमालकांनी आपसांतील समजुतीने १९४७ पर्यंत कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवले. या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंनी स्वतःचे संघ उभारले आणि १९२० मध्ये रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय संघमालकाच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. कृष्णवर्णीय संघांच्या अशा स्पर्धांना मिळून निग्रो लीग म्हणत.

लीगच्या ठरलेल्या सामन्यांवर संघांचा खर्च भागत नसे. म्हणून खेळाडू बसने गावोगाव फिरत, स्थानिक संघांशी सामने खेळत आणि कधीकधी एकाच दिवशी दोन-तीन सामने उरकून रात्री पुढच्या गावाचा रस्ता धरीत. ज्या गावात हजारो प्रेक्षक तिकीट काढून त्यांचा खेळ पाहत, तेथेच हॉटेलात खोली नाकारली जाई. मग जेवण मागच्या दाराने घ्यायचे, झोप बसमध्येच काढायची किंवा कृष्णवर्णीय वस्तीतील एखाद्या घरी उतरायचे. कॅन्सस सिटी मोनार्क्स संघ १९३० पासून ट्रकवर लादलेले दिव्यांचे खांब सोबत नेऊन रात्रीचे सामने भरवी. मेजर लीगमध्ये ही सोय १९३५ मध्ये आली.

जॉश गिब्सन (१९११–१९४७) या कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, आयुष्यात या जीवनाचे वैभव आणि त्याची झीज दोन्ही दिसतात. १९३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो होमस्टेड ग्रेज संघात आला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी वारली. पुढे उन्हाळ्यात अमेरिकेत, हिवाळ्यात पोर्तो रिकोमध्ये, तर १९४०-४१ मध्ये मेक्सिकोतील वेराक्रूझ संघाकडून असा तो जवळजवळ बारमाही खेळला. गुडघे वाकवून यष्टीरक्षकासारखे बसावे लागणाऱ्या कॅचरला हा क्रम विशेष जाचक होता. १९४३ मध्ये त्याला मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, पण त्यानंतरही त्याने खेळ सोडला नाही. २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. मोनार्क्सकडून खेळलेला जॅकी रॉबिन्सन ही मनाई मोडून मेजर लीगमध्ये उतरला तो त्याच वर्षी १५ एप्रिलला. रॉबिन्सनला घेताना मेजर लीगमधील ब्रुकलिन डॉजर्स संघाने मोनार्क्सला मोबदला दिला नाही, आणि उत्तम खेळाडूंपाठोपाठ प्रेक्षकही गमावलेली, १९३३ मध्ये त्याच नावाने नव्याने उभी राहिलेली दुसरी निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद पडली.

२०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत सामावून घेतली, तेव्हा फलंदाजीच्या .३७२ सरासरीने (दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके) गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या पुढे गेला. गावोगावचे सामने या हिशोबात नाहीत. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या गौरवदालनातील त्याच्या फलकावर मात्र ते धरून जवळपास ८०० होम रनांचा (क्रिकेटमधील षटकारासारख्या फटक्यांचा) उल्लेख आहे.